सुरी कुणाच्या हाती द्यायची

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज स्टूल मागावं लागलं. पेशंटचं पोट उघडं, टाके घालायचे बाकी, आणि माझे गुडघे म्हणाले — पुरे! इतकी वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये उभी आहे. डॉक्टरांनी मागायच्या आत कात्री हातात दिली, कधी भिंतीला टेकले नाही. आज बसले तर स्टूल करकरलं. सगळ्यांनी ऐकलं. कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं.

संध्याकाळी मेट्रननी बोलावलं. "मे महिन्यापर्यंत बघते. वजनाचं काहीतरी कर. नाहीतर तुला कपड्यांच्या स्टोअरला पाठवावं लागेल." म्हणजे चादरींच्या घड्या मोजायच्या. मी!

५ फेब्रुवारी

ठरलं. पोट लहान करायचं ऑपरेशन करून घ्यायचं. डाएट, चालणं, गरम पाणी, सगळं करून झालं. वजन जातं आणि परत येतं, येताना सोबत पाहुणे घेऊन येतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

लोकांना वाटेल, हिला काय अवघड? सगळे सर्जन ओळखीचे. अहो, तेच तर! ओळखीचे आहेत म्हणूनच अडलंय. आमच्याकडे हे ऑपरेशन तिघं करतात आणि तिघांच्याही शेजारी मी उभी राहिलेय. थिएटरमध्ये तिघांनाही आम्ही सिस्टरांनी नावं ठेवलीत.

पहिले पोस्टर. चौकातल्या भिंतीवर ह्यांचा हसरा फोटो आणि शेजारी एकच बाई दोनदा, एकदा जाड, एकदा बारीक. बोलणं इतकं गोड की पेशंटला भुलीची गरजच पडू नये. पण तो एकदा झोपला की ह्यांच्या जिभेला हाड नाही. मागच्या आठवड्यात टेबलावरच्या बाईच्या पोटाबद्दल जे बोलले ते इथं लिहीत नाही. मास्कखाली सगळे हसले. मला त्या बाईच्या जागी मी दिसले.

दुसरे झटपट. हात चांगला, लक्ष घड्याळात. तिसऱ्या पेशंटला हात लावेपर्यंत पहिल्याचं नाव विसरलेले असतात.

तिसरे घुम्या. बोलतच नाहीत. नुसता हात पुढे करतात, काय हवंय ते आपण ओळखायचं. काम नीटनेटकं, पण हा माणूस आहे की कपाट, इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

रात्री घरी हे म्हणाले, "सगळे सारखेच असतात गं. ज्याची तारीख लवकर मिळेल तो घे." सोफा घ्यायचा होता तेव्हा ह्याच माणसानं गावातली सगळी दुकानं पालथी घातली होती.

१० फेब्रुवारी, सोमवार

डबा खाताना कासवानं डोकं फिरवलं.

कासव म्हणजे आमची दुसरी सिस्टर. गेल्या वर्षी दुसऱ्या हॉस्पिटलातून आमच्याकडे आली. वय माझ्याएवढंच, अंगानं काडी. वाटीभर भात आणि अर्धं उकडलेलं अंडं खायला बाईंना सगळी सुट्टी लागते. एकेक घास चावत बसते, जसे काही खडे निवडतेय. जेवताना पाणी नाही, मग नंतर बाटली घेऊन घोट घोट करत हिंडायचं. पुढची केस लागली तरी हिचा डबा उघडाच. नाव मीच ठेवलंय.

"चल गं, पेशंट म्हातारा होईल," म्हटलं.

"तुम्ही व्हा पुढे, ताई. आलेच." रागावत पण नाही!

एवढंसं खाऊन हिचं पोट भरतं. मला ताटभर जेवूनही भिंतीवरच्या कॅलेंडरातली फळं दिसतात. अशा माणसांशी आपलं दुःख काय बोलायचं?

१२ फेब्रुवारी

पोस्टरकडे गेले. रीतसर, पेशंट म्हणून, बाहेर बसून. वजनाच्या डॉक्टरकडे हातांच्या खुर्च्या! कुणाच्या डोक्यातून हे निघालं असेल? नाव पुकारलं, मी उठले, खुर्चीही माझ्याबरोबर उठली. समोरच्या माणसानं ती धरून ठेवली तेव्हा सुटले.

"अरे सिस्टर! तुम्ही तर घरच्या. पुढचं पोस्टर तुमचंच."

त्यांच्याच एका पेशंटचं, शिवण सुटून परत आलेल्या बाईचं, विचारलं. "अहो, असं हजारात एखादीचं होतं. डोक्याला त्रास करून घेऊ नका." त्या एखादीचं पोट परत उघडलं तेव्हा टेबलाशी मी होते, डॉक्टरसाहेब. तुम्ही फोनवर होता.

१३ फेब्रुवारी

झटपटना व्हरांड्यात गाठलं. चालता चालताच म्हणाले, "हो हो, करून टाकू. गुरुवारी?" शुगर किती, गोळ्या कुठल्या, काही विचारणं नाही. करून टाकू! घराला रंग द्यायचाय का?

१७ फेब्रुवारी, सोमवार

घुम्या बोलले! न बोलते तर बरं झालं असतं.

"घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मीच."

"ऑपरेशननंतर महिनाभर सगळं पातळ लागेल. ते कोण करून देणार?"

"होईल काहीतरी."

"नवऱ्याला घेऊन ये." मग माझे कागद चाळले. "टेबलावरचं तुला माहीत आहे. नंतरचं काय माहीत आहे?"

अंगाचा तिळपापड झाला. थिएटरमध्ये केस पिकले माझे आणि मला विचारतात काय माहीत आहे! तारीख दिलीच नाही. दोघं येऊन जा म्हणे. मी काय मुलगी बघायला आलेला नवरामुलगा आहे, घरच्यांना घेऊन यायला?

रात्री नणंदेचा फोन. "वहिनी, रोज जिन्यानं चढ-उतार केलीत तरी पुरे." स्वतः लिफ्टशिवाय पहिल्या मजल्यावर जात नाही. उंटावरून शेळ्या हाकायला हिला बरं जमतं.

२० फेब्रुवारी

आज रजा टाकून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या हॉस्पिटलात गेले. म्हटलं, तिथं कुणी ओळखणार नाही. खरं कारण तेच आहे, इथं तरी कबूल करते. रोज ज्यांच्याबरोबर चहा पिते त्यांच्यासमोर मला उघडं पडायचं नाही.

दुरून डोंगर साजरे. वजनकाट्यावर उभी राहिले तर आकडे उमटायचेच बंद झाले. काउंटरवरची मुलगी आत ओरडली, "मोठा काटा आणा, गोदामातला!" रांगेतली सगळी डोकी वळली. सर्जन भेटलेच नाहीत. "सर थेट ऑपरेशनच्या दिवशी भेटतील," म्हणाली. म्हणजे मी झोपल्यावर. बाहेर येऊन रिक्षात बसले आणि रडले. रिक्षावाल्यानं आरसा दुसरीकडे वळवला. भला माणूस.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज काय पाहिलं! हात धुवायच्या जागेपाशी घुम्या आणि कासव. आणि घुम्या चक्क बोलत होते.

"जेवलीस? गोळ्या चुकवत नाहीस ना? रक्त तपासलं का या वेळी?"

वा रे वा. वर्षानुवर्षं ह्यांच्या हातात सुऱ्या देतेय, मला कधी "जेवलीस का" विचारलं नाही. मी जेवलेय हे दिसतंच म्हणा! हिला जरा रक्त कमी असेल तर केवढी काळजी. कानामागून आली आणि तिखट झाली.

२५ फेब्रुवारी

ह्यांनी जेवताना सहज विचारलं, "ज्यांचं हे ऑपरेशन झालंय त्यांना विचारलंस का? नंतर कसं वाटतं ते?"

"त्यांना कुठून आणू? आम्ही पेशंट झोपलेला घेतो आणि झोपलेलाच देतो. पुढचं वॉर्डचं काम."

"म्हणजे एवढ्या वर्षांत एकही उठून बसलेला बघितला नाहीस?"

चिडून ताट उचललं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

लांबलेली केस. डावा गुडघा सुजलाय. मेट्रन दारात उभ्या राहून बघत होत्या.

सुटल्यावर सरळ पोस्टरकडे जाऊन हो म्हणून आले. निदान नीट बोलतात तरी. बारा मार्चची तारीख. "शाब्बास!" म्हणाले आणि पाठीवर थाप मारली.

भीती वाटते. मरायची वाटते तेवढी वाटतेच. पण त्याहून, मी झोपल्यावर माझ्याबद्दल काय बोलतील याची वाटते. मला ते कधी कळणारही नाही. आणि उठल्यावर त्यांच्याबरोबर चहा प्यायचाय.

३ मार्च

ह्यांना विचारलं, "मी केलं ते बरोबर ना?" म्हणाले, "तुझा चेहरा तरी तसं सांगत नाही." झालं! आता चेहऱ्याचंही ऑपरेशन करून घेते.

५ मार्च, बुधवार

डब्याच्या वेळी कासवाला म्हटलं, बारा तारखेला माझी ड्यूटी तू कर. "कसली रजा, ताई?" चिडूनच सांगितलं. तिनं चमचा खाली ठेवला, उठून दाराला कडी लावली आणि पोटावरचा कपडा वर केला. बारीक, पांढऱ्या पडलेल्या पाच खुणा.

"चार वर्षं झाली. तुमच्याहून जाड होते मी. तेव्हा तिकडच्या हॉस्पिटलात नोकरीला होते, पण ऑपरेशन इथंच झालं. घुम्यांनी केलं. अजून दर महिन्याला विचारतात."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझ्यासमोर बसून रोज जेवत होती आणि मी तिला नाव ठेवत होते. "तेव्हा टेबलाशी कोण होतं गं?" विचारलं.

"तुम्हीच की, ताई. भूल चढेपर्यंत माझा हात धरला होतात."

मला आठवत नाही. घरी येऊनही आठवून पाहिलं.

पोस्टरना नाही म्हणून कळवलं. उद्या ह्यांना घेऊन घुम्यांकडे जायचंय. माझ्या वेळी टेबलाशी कासव उभी राहणार आहे. घाई करू नकोस म्हटलंय तिला.