नळीतून आधी कोण निघालं

३ नोव्हेंबर
लॅबमधला माझा वरिष्ठ, कासव, आजही साडेअकरापर्यंत खात्रीचा नमुनाच – ज्यात काय आहे ते आधीच ठाऊक असतं तो – यंत्रात चालवत बसला! कालही तेच, परवाही तेच. वीस वर्षं यंत्रावर काढली, तरी रोज पहिल्या दिवसासारखा घाबरतो. म्हणे, "नळीवर विश्वास ठेवायचा नसतो, पोरी." मग कुणावर ठेवायचा – तुमच्या टकलावर?

४ नोव्हेंबर
पोलिसांकडून पावडर आली. एका नर्सच्या बॅगेतली. या पावडरीची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या हातांसारखी. डावं सर्दीच्या औषधात चालतं, उजव्याची नशा होते – बंदी. यंत्राच्या नळीतून दोन्ही वेगळी होऊन येतात – आधी उजवं निघतं, मागून डावं. नर्स म्हणते, सर्दीचंच औषध आहे. सगळे तेच म्हणतात!
उद्यापासून कासव रजेवर. रिपोर्टवर सही माझी!! बाबा म्हणाले, "आपल्या घरात आजवर अंगठेच उठले गं."

६ नोव्हेंबर
नळीत नेहमीच्या आयसोप्रोपेनॉलऐवजी दुसरं अल्कोहोल, इथेनॉल, सोडलं. चाळीस मिनिटांचं काम अठरा मिनिटांत! कासवाला जन्मात सुचलं नसतं. खात्रीचा नमुना लावला नाही. असलं सोवळं मी पाळत नाही.
आलेखाच्या कागदावर मोठं शिखर आधी, मागे इवलंसं दुसरं. म्हणजे उजवं. दुपारीच रिपोर्ट धाडला. दिवसा रुग्णांची नाडी बघायची आणि बॅगेत विष बाळगायचं – किळस येते अशांची.

७ नोव्हेंबर
नर्सला आत टाकलं. बरं झालं!

१४ नोव्हेंबर
कासव परतला. माझा कागद उलटसुलट पाहिला. "अल्कोहोल बदललंस?" हो म्हटलं, ताठ मानेने. शाबासकी राहिली बाजूला – खात्रीचा नमुना काढला, माझ्याच पद्धतीने चालवला. अठरा मिनिटं दोघं उभे.
आधी डावं निघालं.
"अल्कोहोल बदललं की कधीकधी क्रम उलटतो," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "मीही एकदा असाच कागद पाठवला होता. तो माणूस चार महिने आत होता."
मी नर्सचा कागद पुन्हा ओढला – आधीचं मोठं शिखर म्हणजे डावं, सर्दीचं औषध.

१५ नोव्हेंबर
सर म्हणाले, "कोर्टाला पत्र मी लिहू?" नको म्हटलं. माझी चूक मीच लिहिली, खाली सही केली. नर्स संध्याकाळी सुटली – आठ दिवसांनी.
घरी दारातच बाबांनी विचारलं, "आज किती सह्या?"
एक, म्हटलं.