चाकं बदलली, गाडीला सांगायचं राहिलं

बाबा, गाडीच्या चाकांचा एक घोळ झाला, तो तुम्हालाच सांगण्यासारखा आहे. तुम्ही गेलात तेव्हा रांगत होती ती तुमची नात, दादाची पोरगी, तिचं परवा धनजला लग्न झालं. नवरीला मंगरूळपीरहून मांडवापर्यंत नेण्याचं काम माझ्याकडे होतं. माझ्या गाडीतून, मीच चालवत. तुमच्या काळ्या-पिवळ्या जीपनंतर घरात आलेली ही पहिली गाडी. टायर सारखे झिजावेत म्हणून आदल्या दिवशी दुकानात पुढची चाकं मागं आणि मागची पुढं करून घेतली. आता प्रत्येक चाकात एक बारकं यंत्र असतं, हवा कमी झाली की ते समोरच्या पडद्यावर सांगतं. तुम्ही ऐकलं असतं तर म्हणाला असता, "मंग डायवर कायले पाह्यजे?"

कारंज्याच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना नुसती तूर उभी, आणि पडद्यावर पिवळा दिवा लागला: पुढच्या डाव्या चाकात हवा कमी. मी गाडी कडेला घेतली. शेजारी शालूत गुंडाळलेली नवरी. "आत्या, काहून थांबली व? पप्पाचा फोन येऊन राह्यला." "येऊ दे," म्हणत मी खाली उतरले, गाडीतला छोटा पंप लावला आणि हवा भरायला लागले, तर ती आतून ओरडली, "आत्या, पुढचं तसंच हाय, मागचंच फुगून राह्यलं!" मला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. वाकून पडद्यावर पाहिलं तर खरंच, हवा भरतेय मी पुढं आणि आकडा चढतोय मागचा. मुहूर्त जवळ आलेला, दादाचा फोन वाजतोय, आणि गाडीवर विश्वास ठेवायचा की नाही हेच मला कळेना.

सकाळ आहे, मी लहान आहे. आई चुलीपाशी भाकरी थापतेय. तुम्ही अंगणात चाक खोलायच्या लोखंडी टॉमीने जीपच्या चाकांवर एकेक टोला घालताय आणि मी मागंमागं. असं काहून मारता, मी विचारते. तुम्ही म्हणता, "तुही माय बाजारात माठ कसा वाजवून घेते? तसंच हाय. भरलेलं टायर टण्ण बोलते, कमी असन तं ढब्ब करते. आयक." मग टॉमी माझ्या हातात देता. मी असा काही जोर लावते की ती उसळून तुमच्याच नडगीवर बसते. तुम्ही एका पायावर नाचताय आणि चुलीपासून आईचा आवाज येतोय, "शिकवा आजून!"

मी डिकीतून पाना काढला. नवरीही शालू सावरत उतरली, मेंदीचा हात कानामागं धरून ऐकायला उभी राहिली. तीन चाकं टण्ण बोलली, मागचं डावं ढब्ब. "ह्येच व आत्या!" तिनं टाळी वाजवली. चाचपून पाहिलं तर बोटाला खिळ्याचं डोकं लागलं. त्या चाकात हवा भरली आणि पडद्यावर पुढचं चाक भरलं! आम्ही दोघी रस्त्यावरच हसत सुटलो. कारंज्यात पंक्चर काढून धनजला पोचलो, तर नवरदेव अजून वेशीपाशी डीजेपुढं नाचूनच राह्यला होता. त्याला आणायला माणसं पाठवावी लागली.

आज सकाळी टायरवाल्याकडे गेले. त्यानं कपाळावर हात मारला. "ताई, चाकं बदलली, पन गाडीले सांगाचं राह्यलंच माह्याकून." बिचारी गाडी चाकांच्या जुन्याच जागा धरून बसली होती. मोबाइलएवढं एक यंत्र घेऊन तो पुढच्या डाव्यापासून एकेका चाकाशी बसला. चाक ओळखलं की गाडी हॉर्न वाजवून हो म्हणायची. शेवटच्या चाकाला हॉर्न वाजला, तेव्हा त्याच्याआधी मीच टाळी वाजवली. आता कुठलं चाक कुठं आहे, ते तिला नीट माहीत आहे.

मांडवात सगळे विचारत होते, पंक्चर कुठल्या चाकात आहे ते कसं कळलं. मी म्हटलं, गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. तुमचं नाव घेतलं असतं तर तिथंच मला रडू फुटलं असतं, आणि आत्या रडते म्हणून पाठवणीच्या आधीच पोरीनंही डोळ्यांना पदर लावला असता. हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकणार, घरातच राहील. पण पुस्तकात तसलं काही दिलेलं नाही, बाबा. खरं सांगायचं तर ते पुस्तक मी अजून उघडलेलंही नाही.