शिकाऊंचं बेट

ता. ४ मार्च
चि. धाकटीस, ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

देवाच्या कृपेने इकडे ठीक. कागद वाया जाऊ नये म्हणून कॅलेंडरच्या सरल्या महिन्याच्या पाठीवर लिहिते आहे, हसू नकोस. तुझं ऑफिस लोकांना सर्फिंगसाठी बेटांवर पाठवतं ना, त्यात आमच्या मासोळीचं नाव घाल. चार वर्षं रोज सकाळी फळी घेऊन समुद्रात जाते, आता बेटच हवं म्हणते. पण लाटेवर उभं राहणं तिला अजून जमत नाही, सारखी पडते. अगदी शिकाऊंचं बेट दे.

माया आहे ती जप.
तुझी ताई

ता. १२ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.

चार वर्षांनी शिकाऊ? आमच्याकडे तीन बेटं. पहिल्यावर खाली वाळू, कंबरेएवढं पाणी. तिथे पोट सुटलेले काकासुद्धा पहिल्या दिवशी उभे राहतात. दुसऱ्यावर लाट लांबवर चालते, सवय झालेल्यांना ते मानवतं. तिसऱ्यावर पाण्याखाली सुरीसारखं प्रवाळ, तिथे फक्त मुरलेल्यांनी जावं. मासोळीची सही लागेल, म्हणून तिला इकडे बोलावलंय. लेकीचं कौतुक करायला तुझी जीभ कायमची जड. ती शाळेत पहिली आली तेव्हाही पेपर सोपा होता म्हणालीस.

रागावलीस तरी लोभ ठेव.
धाकटी

ता. १९ मार्च
ती. आईस सा. न.

मावशीच्या टेबलावर तुझं पत्र दिसलं, वाचलं. चार वर्षं तू टॉवेल घेऊन किनाऱ्यावर उभी असायचीस. मी लाटेवर उभी राहिले की तुझ्याकडे बघायचे, तर तुझे डोळे मिटलेले. मला वाटायचं, ऊन लागत असेल. तू कधी पाहिलंच नाहीस. मावशी दुसऱ्या बेटासाठी अडून बसली होती, पण सही माझी, म्हणून मी फॉर्मवर तिसरं भरलं. इथूनच उद्या निघते. तिथली लाटही सोपी होती म्हण.

तुझी मासोळी

ता. २४ मार्च
चि. मासोळीस अनेक आशीर्वाद.

तू उभी राहिलीस की मी आधी बघायची, मग डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची, तू पाण्यातून वर येईपर्यंत. ते पत्र उलटून बघायचं होतंस. त्या पानावर दुधाच्या खुणांशेजारी टिंबं आहेत, ती तुझ्या लाटांची. त्या एका महिन्यात दोनशे अकरा. तुला छान येतं. एवढं वाक्य लिहायला मला सगळी दुपार लागली. आपल्याच तोंडाने लेकराला चांगलं म्हटलं की देव ते परत मागेल, ही धास्ती तू जन्मल्यापासून आहे. म्हणून खोटं लिहिलं. दुसरं बेट तुझ्याजोगं, हे मलाही माहीत होतं. तिसऱ्यावर पाण्यात उतरू नकोस, मावशी बदलून देईल. रागावलेली ये, पण ये.

तुझी आई

ता. ६ एप्रिल
ती. ताईस सा. न.

मासोळीचं सामान माझ्याकडे आलं. कपडे वाळवून घड्या घातल्या. तिथल्या शिक्षकाने सांगितलं, पहिल्या तीन लाटांवर ती उभी राहिली, सगळे काम सोडून बघत होते. चौथीने प्रवाळावर आपटलं, आणि बाहेर काढेपर्यंत ती गेली होती. तुझं पत्र तिने वाचलं का, असं फोनवर तू विचारलंस म्हणून लिहिते. ते तिच्या मुक्कामी ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पोचलं. पाकीट बंद आहे. ताई, मी तो फॉर्म फाडायला हवा होता.

धाकटी

ता. ११ एप्रिल
चि. धाकटीस आशीर्वाद.

पाकीट बंद होतं हे सांगितलंस ते बरं केलंस. उघडं होतं म्हणाली असतीस तर मी मुकाट मानलं असतं. फॉर्मचं स्वतःकडे घेऊ नकोस. फक्त यापुढे कोणाला किती जमतं ते आयांना विचारू नकोस. ज्याला जायचंय त्याला पाण्यात उतरवून स्वतः बघ.

देवापुढे बसते, पण बोलायला काही सुचत नाही. एक काम कर. त्या तीन लाटा कशा होत्या, ती किती लांबवर गेली, ते त्या शिक्षकाला विचारून लिही. तो जेवढं चांगलं म्हणेल तेवढं सगळं लिही, काही कमी करू नकोस.

तुझी ताई