काचेतील सांगाडा तपासून मिळणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
पुरातत्त्व खाते व संग्रहालय,
मुख्य कार्यालय.

विषय : आमच्या शेतातील प्राचीन तटाच्या उत्खननात सापडलेला व सध्या संग्रहालयात मांडलेला सांगाडा माझ्या थोरल्या भावाचा आहे किंवा कसे, याची तपासणी होणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज (लेखी उत्तर नाही) व पोलीस ठाण्याचे पत्र (सोबत जोडले आहे).

महोदय,

१. आपल्या खात्याने गेल्या हंगामात ज्या शेतात उत्खनन केले, ते शेत मी कसते. शेताच्या मधोमध मातीचा गोल तट असून त्याच्या बाहेरून बुजत आलेला खंदक आहे. आपल्या फलकावर त्यास 'प्राचीन तटबंदी' म्हटले आहे. आम्ही त्यास नुसते 'कडे' म्हणतो. उत्खननास आम्ही हरकत घेतली नाही, उलट पीक लवकर काढून जागा मोकळी करून दिली. उत्खनन प्रमुख बाई आमच्याशी नेहमी सभ्यपणे वागल्या. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही, हे आधीच नमूद करते.

२. मी शाळेत असताना घडलेली गोष्ट येथे लिहिणे भाग आहे. कड्यामुळे नांगर सरळ जात नाही, म्हणून ते फोडून शेत सपाट करावे, असा वडिलांचा हट्ट होता. थोरल्या भावाला शेतीत रस नव्हता. शहरात जाऊन मोटारदुरुस्ती शिकायची, एवढेच त्याच्या डोक्यात असे. एका सकाळी दोघांचे कडाक्याचे वाजले. "ते कडं फोडल्याशिवाय घरात पाऊल टाकू नकोस," असे वडील बोलले. भाऊ फावडे घेऊन निघाला. आई पाण्याचा तांब्या घेऊन मागे धावली, पण त्याने वळून पाहिले नाही. दुपारनंतर पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी पाहिले तर तट दोन-तीन ठिकाणी खचून खंदकात आला होता आणि भावाचा पत्ता नव्हता.

३. त्याच्या कपड्यांची पिशवीही खुंटीवर नव्हती. ही गोष्ट माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाते, तरी लपवीत नाही. वडील म्हणाले, "गेला शहरात. पोट खपाटीला लागलं की येईल गुमान." त्यामुळे खचलेल्या मातीत कोणी फावडे घातले नाही आणि पोलिसांत तक्रारही दिली गेली नाही. वडिलांनी पुढे कड्याला हात लावला नाही. आई त्यांच्याशी कामापुरते बोलत असे. ते गेले तेव्हाही ती त्यांच्या उशाशी गप्पच बसून होती.

४. आपल्या उत्खननात खंदकाच्या तळाशी सांगाडा लागला, त्या वेळी आई चराच्या काठावर उभी होती. ब्रशने माती झटकता झटकता डावा हात उघडा पडला. कोपराच्या खाली तो वाकडा जुळलेला होता. भाऊ लहानपणी झाडावरून पडला होता आणि त्याचा तोच हात तसाच वाकडा बसला होता. आई खाली बसली व म्हणाली, "हा हात मी शेकलाय."

प्रमुख बाईंनी तिला हाताला धरून सावलीत नेले. "आजी, याच्या अंगावर तटाची माती आहे. म्हणजे हा तट पडला तेव्हाचा माणूस. फार जुना."

आई म्हणाली, "तट पडला तेव्हाचाच आहे. मी होते की तेव्हा."

हात मोडणारी माणसे प्राचीन काळीही असणार, हे मला कळते. त्यांचेच बरोबर असेल. परंतु महोदय, तपासल्यावाचून बरोबर कसे?

५. पावसाळ्याआधी हाडे पेटीत भरून नेण्यात आली. पुढे वर्तमानपत्रात फोटो आला व खाली 'तटाचा रखवालदार' असे छापले होते. माझ्या पहिल्या अर्जावर आपल्या कार्यालयातील लिपिकांनी तोंडी सांगितले की, हाडे अलीकडची असल्याचा संशय असेल तर तो विषय पोलिसांचा. पोलीस ठाण्यात गेले तर फौजदार म्हणाले, "हाडं प्राचीन असल्याचा दाखला पुरातत्त्ववाल्यांचाच आहे. मग यात गुन्हा कसला?" मी माणूस हरवल्याची तक्रार देऊ केली. त्यावर लेखी उत्तर आले की, सदर इसम हरवल्याची कोणतीही नोंद त्या काळात झालेली नाही, सबब आमच्या दप्तरी तो हरवलेला नाही. दुसऱ्या अर्जात मी हाडाचा एक तुकडा प्रयोगशाळेत पाठवावा अशी विनंती केली. त्यावर, संग्रहात दाखल झालेल्या वस्तूस इजा करता येत नाही, असे दूरध्वनीवर कळले. थोडक्यात, माझा भाऊ हरवलेला नाही, मेलेला नाही, आणि आता तो वस्तू आहे.

६. हे चालू असतानाच आपल्या खात्याची नोटीस आली. कडे व भोवतालची जमीन संरक्षित होणार असून, सातबाऱ्यावरील सर्व खातेदारांनी संमतीची सही द्यावी, असे तीत म्हटले आहे. खातेदारांत पहिले नाव थोरल्या भावाचे आहे. मी आपल्या कार्यालयात विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "मृत्यूचा दाखला आणा, नाहीतर सही आणा. दोन्ही नसेल तर काम पुढं सरकत नाही." मृत्यूचा दाखला देणाऱ्यांनी प्रेत कुठे आहे असे विचारले. मी संग्रहालयाचा पत्ता सांगितला, तर त्यांना ती थट्टा वाटली.

७. मी घरी येऊन हे आईला सांगितले. दुसऱ्या दिवशी मी शेतात असताना ती नोटीस आणि शाईचे पॅड पदरात बांधून एकटीच बसने संग्रहालयात गेली. तेथे तिने दालनावरच्या रखवालदाराला काच उघडायला सांगितली. माझ्या मुलाचा अंगठा घ्यायचाय, म्हणाली. लोक जमले. काही जण हसले. तिने काचेवर हात मारले, हे खरे आहे. तिला बाहेर काढण्यात आले, व पुन्हा दालनात येणार नाही असे लिहून घेऊन त्यावर तिचाच अंगठा उमटवून घेण्यात आला.

महोदय, माझी आई भ्रमिष्ट नाही. हाडांचा अंगठा उमटत नाही हे तिला कळते. बसथांब्यापर्यंत तिला सोडायला तोच रखवालदार आला होता. तो तिला म्हणाला, "आजी, मेलेल्या माणसाची सही कुठून मिळणार?" ती घरी आली, चप्पल न काढता उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "म्हणाला गं तो. मेलेला म्हणाला." मग ती रडली. भाऊ गेल्यापासून मी तिला रडताना पाहिले नव्हते. ती वडिलांचे नाव घेऊन रडली. "तो रागावून गेला नव्हता हो," असे त्यांना सांगत होती.

८. तरी विनंती की, आईकडून लिहून घेतलेला कागद रद्द करून तिला दालनात येऊ द्यावे. ती काचेला हात लावणार नाही, याची हमी मी देते. तसेच सांगाड्याची तपासणी करण्यास आपल्या अधिकारात मंजुरी द्यावी. आईच्या रक्ताचा नमुना लागल्यास ती देईल, परंतु तिची प्रकृती पाहता तो लवकर घ्यावा.

आणि तपासणीत हाडे प्राचीन ठरली, तर ते उत्तर कृपया माझ्याच नावे, बंद पाकिटात पाठवावे. आईचे रडून झाले आहे. मी तिला ते वाचून दाखवणार नाही.

उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
कड्याचे शेत कसणारी,
खातेदार क्र. १ यांची धाकटी बहीण

दि. ११ फेब्रुवारी

सोबत :
१) पोलीस ठाण्याचे पत्र.
२) भावाचा फोटो. डावा हात दिसतो. एकच प्रत असल्याने परत मिळावा.
३) आपली नोटीस, सहीविना.