उलटा चौक

प्रिय टिकोजीराव,

कोरणकामाच्या कारखान्यात मास्तरांनी ठेवलेलं हे नाव अजून चालतं ना? आता मोठा माणूस झालायस, म्हणून विचारतो.

तुझ्या प्रदर्शनाचं निमंत्रण मिळालं. वर आपल्या जुन्या चौकाचं तेच चित्र. बघितलं आणि अडतीस वर्षांनी पुन्हा पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू? शहराच्या त्रिशताब्दीसाठी मास्तरांनी दोघांकडून चौकाची रेखाटनं करून घेतली आणि छापायचा तांब्याचा पत्रा कोरायला दिला तुला. माझी रेघ तुझ्यापेक्षा स्वच्छ, हे मास्तरही मान्य करायचे. पण तुझ्या चित्रातली माणसं चालायची, माझी नुसती उभी राहायची. तू शीळ घालत कोरायचास आणि शेजारच्या टेबलावर माझा जळफळाट व्हायचा.

पत्र्यावर उलटं कोरावं तेव्हा कागदावर सुलटं उमटतं; म्हणून आपण रेखाटन आरशात बघून काम करायचो. तू कसला करतोस! हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणालास. चौक तुला पाठ होता ना! दुकानांच्या पाट्या तेवढ्या सवयीनं उलट्या कोरल्यास, बाकी सगळा चौक दिसतो तसा. छापल्यावर मास्तरांनी पाट्या वाचून मान डोलावली. डावीकडचा घड्याळाचा मनोरा उजवीकडे गेलाय, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही. समारंभात पडदा सरकला आणि पहिला हसला तो घड्याळाला चावी देणारा. मग सगळा मांडव हसला. त्याच आठवड्यात मास्तरांनी तुला काढून टाकलं.

तुझं टेबल मला मिळालं. तेव्हापासून मी औषधांची लेबलं आणि मानपत्रं बिनचूक कोरतोय. कुणी विचारत नाही, कुणी कोरलं म्हणून. तू परगावी जाऊन नाव काढलंस, आणि तुझा तो उलटा चौक लोक हौसेनं दिवाणखान्यात लावतात. माझी बायकोसुद्धा म्हणते, चुकलाय खरा, पण जिवंत आहे. घरच्या माणसानं असं म्हटल्यावर मी काय करावं?

आणि आता तू लिहितोस, उद्घाटनाला मीच बोलावं, कारण सगळे हसले तेव्हा एकटा मी हसलो नव्हतो. खरंय. ती चूक मला आधीच ठाऊक होती. छपाईच्या आदल्या दिवशी पत्रा माझ्यापुढे धरून तू विचारलं होतंस, काही राहिलंय का. पत्र्यावरही मनोरा डावीकडेच आहे, हे पहिल्या नजरेत दिसलं मला. मी म्हटलं, सुरेख झालंय, छापायला घे. सुरेख झालंच होतं रे, म्हणूनच मनोऱ्याचं सांगवलं नाही. हे वाचूनही बोलावलंस, तर येईन आणि सगळ्यांसमोर हेच सांगेन.

तुझाच,
शेजारच्या टेबलावरचा