कुणी नाही ना?

कल्याण, मार्च १९५३

चि. दौलत,

आंधळ्या, निराधार माणसांसाठी सरकारी मदत आली आहे. ती कुणाला द्यायची हे इथली समिती ठरवते. तुझ्या आईला आता काहीच दिसत नाही, म्हणून मीच तिला हात धरून नेलं.

ही बाई निराधार आहे, असं सांगताना समितीसमोर मी असा कडाडलो की अध्यक्षही वरमले. त्यांनी हळूच विचारलं, "आजी, तुम्हाला कुणी नाही ना?"

तिनं नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं.

"कुनी नाय कसा? माजा दौलत हाय! बोटीवर गेलाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भावजी, निराधार बोलून माज्या जित्या पोराला मारता का?"

मदत नाकारली गेली. सोमवारी मी पुन्हा जाणार आहे. पोटचा मुलगा नाकारल्याशिवाय आईला भाकरी मिळत नसेल, तर तो नियम मोडलाच पाहिजे!

तुझा पत्ता कुणालाच ठाऊक नाही, तेव्हा हे पत्र माझ्याकडेच राहील. तुझी काकू रोज तिला भाकरी नेऊन देते. त्यातली अर्धी तुझी आई झाकून ठेवते. तू भुकेला येशील म्हणून.

तुझा शेजारी,
गोपीनाथकाका