बिनदाराचं घर

प्रिय मोनिका,

त्या सकाळी मी म्हशीची धार काढत होते. शेण भरायचं राहिलं होतं, चुलीवर पाणी तापत होतं. तू आत दादांच्या बाजेवर झोपली होतीस. सासरहून आल्यापासून पहिल्यांदाच तुला गाढ झोप लागली होती, म्हणून मी बादलीचाही आवाज होऊ देत नव्हते. तेवढ्यात कल्याणराव आले. त्यांनी जावयासारखी बाहेरून हाक मारली नाही, पडदा सारून सरळ आत गेले. मी उठून येईपर्यंत त्यांनी तुला दंड धरून गाडीत बसवलंही होतं. मला म्हणाले, "मामी, उगी गावाला तमाशा नको." तुझी एक चप्पल इथंच राहिली. अजून आहे.

आपल्या गावात घराला चौकट असते, दार नसतं. कुत्रं शिरू नये म्हणून फळी टेकवायची, बाकी शनिदेव राखतो. आमच्या लग्नापासून दादा पाहुण्यांना हे किती कौतुकाने सांगायचे! ते गेल्यावर मीही याच भरवशावर एकटी झोपत आले. चोर खरंच कधी आला नाही.

परवा बचत गटाच्या बायकांबरोबर रेहेकुरीला काळविटं बघायला गेले होते. फाटकावर अभयारण्य लिहिलं होतं आणि खाली इंग्रजीत सँक्च्युअरी. अक्षरं हातावर उतरवून आणली आणि घरी तुझ्या बारावीच्या डिक्शनरीत शोधली. पहिला अर्थ देवाची जागा. दुसरा, जिथं शिरलेल्या माणसाला धरून नेता येत नाही अशी जागा. पूर्वी म्हणे देवळात पळून आलेल्याला राजाचे शिपाईही हात लावत नसत. जनावरांचा अर्थ सगळ्यात शेवटी. मधला अर्थ मी किती वेळा वाचला, सांगता येत नाही. त्याला मराठीत काय म्हणावं? आसरा म्हटलं तर आसरा कुणी काढूनही घेतं. मला माहेर हाच शब्द सुचला, पण त्या सकाळनंतर तो लिहायला हात धजेना.

तिथल्या वनरक्षकाला मी विचारलं होतं, हद्द कुठं संपते ते हरणाला कसं कळतं? तो हसला. "त्याला काय कळतंय आज्जी. भाईर गेलं की त्याचं नशीब." रंगुबाई म्हणाली, "हिला हरणाची लई काळजी!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

तुझा मोबाईल कल्याणराव तपासतात, म्हणून हे चांगुणाच्या हाती देते आहे. ती तुमच्याच गल्लीत राहते, कुणाला संशय येणार नाही. वाचलंस की फाडून टाक.

सोमवारी तिनेच तुझ्या हाताच्या प्लास्टरचं सांगितलं. मी भिमाजी भाऊजींना म्हटलं, मला दार बसवायचंय. ते म्हणाले, "वहिनी, देवाशी वैर धरता व्हय? साडेसाती घरात घ्याल." मी म्हटलं, ती घरात येऊन गेली, भाऊजी. गावातल्या सुताराने कानाला हात लावला. त्या संध्याकाळी देवाला तेल घातलं, पण मागितलं काही नाही. दुसऱ्या दिवशी घोडेगावहून सुतार आणला, दार बसवलं आणि त्याला आतल्या बाजूने कडी ठोकून घेतली.

तुझीच,
आई